चेटकिणीची खोली : इंग्रजी नागर अद्भुतकथेतील स्वतंत्र नायिकेचा उगम

आधुनिक महानगर, त्यात एकटी राहून स्वतःच्या हिमतीवर जगणारी स्त्री, आणि आपल्या ठायी काही अलौकिक सामर्थ्य आहे असा एके दिवशी तिला होणारा साक्षात्कार, ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या की इंग्रजीत आज ज्यास 'अर्बन फॅन्टसी' म्हणतात त्या कादंबरीचा सांगाडा उभा राहतो. ह्या प्रकारास मराठीत रूढ नाव नाही. प्रस्तुत लेखात आम्ही 'नागर अद्भुतकथा' हा शब्द योजिला आहे. वाचकांस ह्याहून सुटसुटीत शब्द सुचल्यास आमचा आग्रह नाही. ह्या प्रकाराचा आरंभ सामान्यतः १९८० नंतरच्या दशकात धरला जातो, आणि चार्ल्स डी लिंट किंवा एमा बुल ह्या अमेरिका खंडातील लेखकांकडे त्याचे जनकत्व दिले जाते. ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, कारण ग्रंथविक्रेत्यांच्या फळीवर ही पाटी लागली ती त्याच सुमारास. परंतु पाटी लागली त्या दिवशी माणूस जन्माला येत नाही. ह्या कथेतील नायिका त्यापूर्वी साठ वर्षे, १९१९ ते १९२६ ह्या काळात, लंडन शहरात जन्मली असे आमचे मत आहे. आणि तिच्यापुढील मूळ प्रश्न जादूटोण्याचा नसून बिऱ्हाडाचा होता, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे.

बिऱ्हाडाचा प्रश्न म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्या वेळच्या इंग्लंडातील दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. १९२१ च्या खानेसुमारीत इंग्लंड व वेल्समध्ये पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या सुमारे १७ लाखांनी अधिक भरली. हा फरक सर्वस्वी महायुद्धाने पडलेला नव्हता. तो आधीपासून होता व युद्धाने वाढविला. वर्तमानपत्रांनी ह्या स्त्रियांस 'जादा स्त्रिया' असे नाव दिले. एखाद्या वखारीत माल शिल्लक राहावा तसा हा शब्दप्रयोग आहे, आणि तो वापरणाऱ्यांस त्यात काही वावगे वाटत होते असे दिसत नाही.

दुसरी गोष्ट १९१८ च्या मतदान कायद्याची. ह्या कायद्याने इंग्लंडातील ८० लाखांहून अधिक स्त्रियांस पार्लमेंटच्या निवडणुकीत मत मिळाले, एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु हे मत कोणत्या स्त्रीस मिळाले? वय तीस वर्षे पूर्ण झालेले असावे ही एक अट; आणि ती स्वतः घरदार वा जागा धारण करणारी असावी किंवा अशा पुरुषाची पत्नी असावी ही दुसरी. विद्यापीठाच्या मतदारसंघापुरती पदवीधर स्त्रियांसाठी वेगळी सोय होती. वडिलांच्या वा भावाच्या घरी राहणारी अविवाहित स्त्री, मालकाच्या घरी राहणारी मोलकरीण, सामानसुमानासह भाड्याने मिळणाऱ्या खोलीत दिवस काढणारी कारकून मुलगी ह्या सर्व बाहेर राहिल्या. स्वतःचे सामान मांडून भाड्याच्या खोलीत राहणारीस मात्र मत मिळू शके! म्हणजे खोलीत खाट आणि मेज कोणाचे, यावर नागरिकत्व ठरत होते. पुरुषांच्या बरोबरीने वयाच्या एकविसाव्या वर्षी मत मिळण्यास १९२८ साल उजाडावे लागले. मधल्या दहा वर्षांत स्वतःची खोली हा इंग्लंडातील अविवाहित स्त्रीच्या दृष्टीने केवळ सोयीचा विषय नव्हता. कायद्याच्या लेखी ती व्यक्ती आहे की नाही, हे त्यावर अवलंबून होते. आमच्या दोन्ही कादंबऱ्या नेमक्या ह्या दहा वर्षांतील आहेत.

पहिली कादंबरी स्टेला बेन्सन ह्या लेखिकेची 'लिव्हिंग अलोन', म्हणजे 'एकटे राहणे'. ती १९१९ साली प्रसिद्ध झाली. बेन्सन (१८९२–१९३३) ही सुखवस्तू घराण्यातील, प्रकृतीने नाजूक मुलगी. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत तिने भाग घेतला, आणि लंडनच्या हॉक्स्टन भागातील गोरगरिबांत राहून काम केले. पुढे चीनमधील कस्टम खात्यातील एका अधिकाऱ्याशी विवाह करून ती पूर्वेकडे गेली व टाँकिनमध्ये वारली. कादंबरीचा काळ चालू महायुद्धाचा आहे. युद्धासाठी बचत करा असे लोकांस सांगणाऱ्या एका समितीची सभा भरली असता एक अनोळखी तरुणी धावत येऊन मेजाखाली लपते. ती चेटकीण असते. तिच्या झाडूचे नाव हॅरल्ड. (केरसुणीस लक्ष्मी मानून दिवाळीत तिची पूजा करणाऱ्या आमच्या वाचकांस तिच्यावर स्वार होण्याची कल्पना जरा जड जाईल, पण त्यास इलाज नाही.) ही चेटकीण मिटन बेट नावाच्या कल्पित ठिकाणी एक दुकानवजा वसतिगृह चालविते, आणि त्याचे नावच 'एकटे राहण्याचे घर' असे आहे. एकटे राहू इच्छिणाऱ्यांसाठीच ते आहे, व त्याचे नियमही त्याच बेताने केलेले आहेत.

समितीतील सॅरा ब्राऊन नावाची एक आजारी, थोडी बहिरी, एकाकी स्त्री येथे राहावयास येते. तिचा पोटाचा उद्योग मोठा नमुनेदार आहे. धर्मादाय संस्थेच्या कचेरीत बसून, कोणता गरीब मदतीस पात्र व कोणता अपात्र ह्याच्या नोंदी ती सुंदर अक्षरात लहान लहान पत्रिकांवर करीत असते. बेन्सनने हे काम जवळून पाहिले होते, आणि तिचा राग येथे अगदी शांत स्वरात उतरला आहे. सॅराचा जादूशी संबंध आल्यावर पहिली गोष्ट बिघडते ती हे काम. मदतीस अपात्र असा शेरा मारण्यास तिचा हात धजत नाही. शहरातील जादूचा हा पहिला परिणाम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. आकाशात उडणे वगैरे पुढे येते. प्रथम नोंदवहीत खोट येते.

उडण्याचा प्रसंगही ह्या कादंबरीत आहे, आणि तो युद्धकालीन लंडनचा आहे. १९१५ च्या मे महिन्यापासून त्या शहराने जर्मनांचे हवाई हल्ले सोसले होते. १३ जून १९१७ रोजी दिवसाढवळ्या झालेल्या हल्ल्यात १६२ माणसे मेली, त्यांत पॉप्लर भागातील एका शाळेची १८ मुले होती. वाचकांच्या मनात हे ताजे असता बेन्सनने हल्ल्याच्या रात्री ढगांवर एक इंग्रज व एक जर्मन चेटकीण समोरासमोर आणल्या, आणि त्यांच्याकडून झुंजीबरोबर युद्धाच्या न्याय्यतेवर वादही करविला. दोघींनाही आपापली बाजू धर्मयुद्धाची वाटते. १९१९ साली हे लिहिण्यास धैर्य लागत होते. तथापि स्वातंत्र्याच्या दृष्टीने पाहता कादंबरी अर्ध्यावर थांबते. सामर्थ्य चेटकिणीचे आहे. सॅरा केवळ तिची भाडेकरू आहे. अखेरीस सॅरा अमेरिकेस जाते व तेथे ती खरोखर एकटी उरते. तिला एकटेपणा लाभला, सामर्थ्य लाभले नाही.

ते लाभले लॉरा विलोजला. सिल्व्हिया टाऊनसेंड वॉर्नर (१८९३–१९७८) हिची 'लॉली विलोज' ही कादंबरी १९२६ च्या आरंभी लंडनला प्रसिद्ध झाली, आणि अमेरिकेत त्याच वर्षी नव्याने निघालेल्या 'बुक ऑफ द मंथ क्लब' ह्या संस्थेने आपल्या सभासदांसाठी निवडलेले पहिलेच पुस्तक ठरली. वॉर्नरचे वडील हॅरो येथील शाळेत इतिहास शिकवीत. ती स्वतः संगीताची अभ्यासक होती, व ट्यूडर काळातील चर्चसंगीताच्या दहा खंडांच्या संपादकमंडळात तिने अनेक वर्षे काम केले. जुन्या हस्तलिखितांवर डोळे शिणविण्याची सवय असलेल्या माणसाने लिहिलेली ही कादंबरी आहे, हे तिच्या तपशिलांवरून जाणवते.

लॉराचा जन्म १८७४ चा. वडील मद्यनिर्मितीच्या धंद्यातील. सॉमरसेटमधील घरात ती त्यांची देखभाल करते, झाडपाल्याचे गुणधर्म शिकते, पुस्तके वाचते. १९०२ मध्ये वडील वारतात. त्या वेळी ती अठ्ठावीस वर्षांची असते. तिला न विचारताच ठरते की तिने लंडनला भाऊ हेन्री व भावजय कॅरोलाइन यांजकडे राहावे. घरातील सामानाची वाटणी व्हावी तशीच तिचीही होते. लंडनच्या त्या घरात तिला पाहुण्यांसाठी असलेल्या दोन खोल्यांपैकी लहान खोली मिळते, आणि भाचरांच्या तोंडी तिचे नाव 'लॉली' होते. तिला नाव ठेवण्यासारखा छळ कोणी करीत नाही. सर्व चांगले वागतात, आणि त्यामुळेच तक्रारीस जागा नाही. एका वकिलाचे स्थळ चालून येते; परंतु ती त्याच्याशी बोलता बोलता तो मनुष्यरूपी लांडगा असण्याच्या शक्यतेविषयी काही बोलून जाते, आणि गृहस्थ पुन्हा दिसत नाहीत. युद्धाच्या काळात ती सैनिकांसाठी पार्सले बांधते. अशी जवळजवळ वीस वर्षे जातात. १९१८ साली हेन्री व कॅरोलाइन दोघांसही मत होते. चव्वेचाळीस वर्षांच्या लॉरास नव्हते, कारण ती कोणत्याच जागेची धारक नव्हती व कोणत्याच धारकाची पत्नी नव्हती. वॉर्नर ह्या कायद्याचा उल्लेख करीत नाही. तिच्या १९२६ च्या वाचकांस तो करून दाखविण्याची गरजही नव्हती.

१९२१ च्या हिवाळ्याच्या तोंडी, मॉस्को रोडवरील एका लहान दुकानात ती फुले घ्यावयास जाते. हे दुकान अर्धे फुलांचे व अर्धे भाजीचे आहे. तेथे बाटल्यांत भरलेली फळे व घरगुती मुरंबे पाहता पाहता तिला क्षणभर आपण एखाद्या बागेत झाडाखाली उभ्या आहोत असा भास होतो. दुकानदार फुलांबरोबर बीच वृक्षाच्या डहाळ्या देतो. त्या कोठल्या, म्हणून ती विचारते. बकिंगहॅमशायरच्या, असे उत्तर मिळते. ती त्या भागाचा नकाशा व माहितीपुस्तक विकत घेते, आणि घरी येऊन सांगते की मी ग्रेट मॉप नावाच्या गावी राहावयास जाणार. हेन्री हे अव्यवहार्य ठरवितो. मग बोलण्यात उघड होते की तिचा पैसा त्याने आपल्या मताने गुंतविला होता व त्याची किंमत बरीच घसरली आहे. १८८२ च्या कायद्याने विवाहित स्त्रीची मालमत्ता नवऱ्याच्या हातून सुटली होती. अविवाहित स्त्रीची मालमत्ता तर कायद्याने पूर्वीपासून तिचीच. परंतु भावाच्या सदिच्छेविरुद्ध कोणताही कायदा नव्हता. लॉरा उरले तेवढे घेऊन निघते. आमच्या मते तिच्या सामर्थ्याचा शोध येथेच, भाजीच्या दुकानात व ह्या हिशेबाच्या बोलण्यात, लागून गेलेला आहे. सैतान बराच पुढे भेटतो.

आता कोणी आक्षेप घेईल की, लॉरा लंडन सोडून खेड्यात जाते, तर ही कथा नागर कशी? आक्षेप योग्य आहे. परंतु ज्या गोष्टीपासून ती पळते ती महानगरातील मध्यमवर्गीय घराची रचना आहे. आणि ते घर तिच्या मागोमाग खेड्यात येते. पुतण्या टायटस हा सर्वांत आवडता मुलगा ग्रेट मॉपला भेटीस येतो, गाव त्याला आवडते, व पुस्तक लिहिण्यासाठी तो तेथेच मुक्काम करतो. वॉर्नरची खरी मर्मज्ञता येथे दिसते. कठोर हेन्रीला तिने पाठविले नाही. प्रेमळ टायटसला पाठविले. त्याच्या नुसत्या असण्याने लॉरा पुन्हा आत्याबाई होऊ लागते, त्याच्या गुंड्या शिवू लागते, आणि तिने स्वतः शोधलेली टेकडी व राने त्याच्या कौतुकाने तिच्यापासून दुरावतात. एके दिवशी ती रानात एकटी उभी राहून मदतीसाठी साद घालते. परत येऊन पाहते तो बंद खोलीत एक मांजराचे पिलू. ते तिला ओरखडते, रक्ताचा थेंब येतो, आणि करार झाला हे ती ओळखते. पिलाचे नाव ती व्हिनेगर ठेवते. सतराव्या शतकात चेटकिणी शोधण्याचा धंदा करणाऱ्या मॅथ्यू हॉपकिन्सच्या १६४७ च्या पुस्तिकेत 'व्हिनेगर टॉम' नावाचा पिशाच्चप्राणी चित्रासह आला आहे. तेथून हे नाव उचलले आहे. पुढे टायटसचे दूध नासू लागते, गांधीलमाशा त्याच्यावर तुटून पडतात. अखेर त्याचे लग्न ठरते व तो लंडनला जातो. ह्यापलीकडे कादंबरीत जादू फारशी नाहीच. चेटकिणींचा रात्रीचा मेळावा लॉरास एखाद्या कंटाळवाण्या मेजवानीसारखा वाटतो.

वॉर्नरच्या मनात चेटकिणीची कल्पना आली कोठून? १९२१ साली मार्गारेट मरे ह्या विदुषीचा पश्चिम युरोपातील चेटूकपंथाविषयीचा ग्रंथ ऑक्सफर्डहून निघाला होता, आणि तो वॉर्नरने वाचला होता. मरे ही मिसरविद्येची पंडिता. तिचा जन्म कलकत्त्याचा. चेटकिणी म्हणून जाळल्या वा फाशी दिल्या गेलेल्या स्त्रिया ह्या ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेल्या एका संघटित धर्माच्या अनुयायी होत्या, असा तिचा सिद्धान्त. हा सिद्धान्त इतिहासकारांनी मोडीत काढला आहे. कीथ टॉमस (१९७१) व नॉर्मन कोन (१९७५) यांच्या ग्रंथांनंतर त्याची बाजू घेणे कठीण आहे. न्यायालयातील कबुलीजबाब मरेने सोयीप्रमाणे कापून वापरले हे कोनने दाखविले. परंतु खोटा इतिहास कधी कधी कादंबरीस खरी दृष्टी देऊन जातो. अंतिम प्रकरणात लॉरा सैतानाला सांगते की युरोपभर, रानातील फळांप्रमाणे विपुल व तितक्याच दुर्लक्षित, सभ्य पुरुषांच्या बायका आणि बहिणी म्हणून म्हाताऱ्या होत जाणाऱ्या स्त्रिया तिला दिसतात. त्या चेटकिणी होतात त्या कोणाचे बरे वा वाईट करण्यासाठी नव्हे, तर इतरांनी मोजून दिलेले आयुष्य टाकून आपले आयुष्य मिळविण्यासाठी, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. व्हर्जिनिया वूल्फचे स्वतःच्या खोलीविषयीचे प्रसिद्ध पुस्तक ह्यानंतर तीन वर्षांनी, १९२९ मध्ये निघाले. वूल्फने खोली लेखनासाठी मागितली. लॉराने ती कशाहीसाठी मागितलेली नाही. ही मागणी अधिक धीट आहे असे आम्हांस वाटते.

येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. 'चेटकीण' किंवा 'डाकीण' हा शब्द इंग्लंडात १९२६ पर्यंत निरुपद्रवी झाला होता; १७३५ च्या कायद्याने चेटूक हा गुन्हाच उरला नव्हता, फक्त चेटकाचा बहाणा करणे हा गुन्हा होता. आमच्याकडे हा शब्द आजही एखाद्या विधवेच्या जिवावर उठू शकतो. झारखंडात २००१ साली, आणि महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्याने २०१३ साली, अमुक व्यक्ती करणी करते असा संशय पसरविण्यास आळा घालावा लागला, तो उगाच नव्हे. म्हणूनच लॉराची बहीण शोभावी अशी मराठी नायिका आली ती वेगळ्या वाटेने. विभावरी शिरूरकर यांच्या 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) मधील शिकलेल्या, लग्न लांबलेल्या वा न झालेल्या मुलींपुढे प्रश्न तोच आहे. त्यांस मांजर भेटत नाही. आणि तरीही त्या पुस्तकावरून उठलेला गदारोळ पाहता, लेखिकेने टोपणनावाचा पडदा घेतला हे शहाणपणाचे झाले. इंग्रजी लेखिकेने नायिकेस चेटूक दिले, मराठी लेखिकेने स्वतःस दुसरे नाव दिले. दोहोंत लपण्याची गरज समान आहे.

इंग्रजीत ही परंपरा पुढे सलग चालली असे म्हणता येत नाही. ती पुन्हा ठळकपणे दिसते ती १९८७ साली, एमा बुलच्या 'वॉर फॉर द ओक्स' मध्ये, आणि ह्या वेळी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात. नायिका एडी मॅककँड्री गिटारवादक व गायिका आहे. आरंभीच ती प्रियकर आणि त्याचा वाद्यवृंद दोन्ही सोडते, व त्याच रात्री यक्षसदृश लोकांच्या दोन दरबारांतील युद्धासाठी तिची निवड होते. मर्त्य मनुष्य रणांगणावर असल्याखेरीज त्या अमर लोकांना मरण येत नाही, म्हणून तिची गरज. गावातील खरे रस्ते, मिनेहाहा धबधबा, 'फर्स्ट अॅव्हेन्यू' ही खरी संगीतशाळा ह्या सर्वांची ती कथा आहे. आपले सामर्थ्य संगीतात आहे हे एडीस हळूहळू, तालमी करता करता, कळते. नवा वृंद जमविणे, गाणी बसविणे, ध्वनिवर्धकाच्या तारा ओढणे ह्या श्रमांतून. खोलीचा प्रश्न तिच्यापुढे नाही. ती स्वतःच्या सदनिकेत राहते व त्याचे कोणास नवल वाटत नाही. साठ वर्षांत एवढा फरक पडला. तिच्यापुढील प्रश्न धंद्याचा आहे : वृंद कोणाच्या हुकमतीखाली चालावयाचा?

ह्यानंतरच्या नायिकांचा धंदा तर कथेचा कणाच झाला. लॉरेल हॅमिल्टनच्या १९९३ च्या कादंबरीतील सेंट लुइसची नायिका मृतांस उठविण्याचा रीतसर व्यवसाय करते, पॅट्रिशिया ब्रिग्जच्या २००६ च्या कादंबरीतील नायिका मोटारी दुरुस्त करते. ही पुस्तके शेकड्यांनी निघाली, त्यांत काही चांगली आहेत, पुष्कळशी एकमेकींची नक्कल आहेत. आमची तक्रार निराळी आहे. ह्या उत्तरकालीन नायिकांस सामर्थ्य बहुधा जन्माने किंवा निवडीने प्राप्त होते. रक्तात असते, भाकितात असते, कोणीतरी येऊन तू तीच असे सांगतो. एडीचीही निवड दुसऱ्यांनी केली, जरी पुढील कमाई तिची स्वतःची आहे. लॉराची निवड कोणी केलेली नव्हती. तिच्यात विशेष असे काही नव्हते, आणि हाच वॉर्नरच्या म्हणण्याचा कणा होता : १७ लाखांपैकी कोणीही लॉरा होऊ शकली असती.

मात्र लॉराचे स्वातंत्र्य निर्भेळ आहे असेही म्हणवत नाही. भावाचे घर सोडून ती ज्याच्या आश्रयास गेली तोही धनीच आहे. कादंबरीच्या उपशीर्षकात वॉर्नरने त्याला प्रेमळ पारधी म्हटले आहे, आणि पारधी कितीही प्रेमळ असला तरी सावज हे सावज. टीकाकारांनी ह्यास कादंबरीचा दोष मानावे की तिची प्रामाणिकता, याविषयी मतभेद होऊ शकेल. आम्ही प्रामाणिकता मानतो, कारण वॉर्नरने त्या धन्याचे एक लक्षण नेमके सांगितले आहे : त्याला आपल्या मालमत्तेकडे पाहत बसण्याची हौस नाही. शेवटच्या पानांवर लॉरा गावातील आपल्या भाड्याच्या खोलीकडे परत जातच नाही. वीस वर्षे जिच्यासाठी झुरली ती खोलीही त्या रात्री तिला नकोशी होते, आणि अंधार पडत असता उघड्यावरच कोठेतरी निजावे असे ती ठरविते.